झिप ड्राइव्हची '१ जीबी' भानगड अखेर कळली

मंडळी, लिनक्सवर जुना झिप ड्राइव्ह (प्रिंटरच्या पोर्टला जोडायचा, १०० एमबीची काढता-घालता येणारी डिस्क वाचणारा) चालवताना मागच्या वेळी केबलपाशी अडलो होतो. प्लगवरची जुनी चिकटपट्टी खरवडली तर खाली 'ऑटोडिटेक्ट' छापलेलं निघालं. म्हणजे ड्राइव्हला 'पीपीए' हे जुन्या झिपचं ड्रायव्हर मॉड्यूल नको, नव्या झिपचं 'आयएमएम' हवं. मॉड्यूल बदललं आणि कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) संदेशांत आयडी ६ वर 'आयोमेगा झिप १००' झळकला. काय बरं वाटलं!

पण त्याच्याच खाली 'रीड कपॅसिटी फेल्ड' (क्षमता वाचता आली नाही), आणि मग 'ब्लॉक साइज अझ्यूम्ड टू बी ५१२ बाइट्स, डिस्क साइज १ जीबी'. १०० एमबीच्या ड्राइव्हला १ जीबी? तीन रविवार यात गेले. केबलवर संशय म्हणून दुसरी आणली. दुकानदार म्हणाला, २५ पिनची कुठलीही चालते. मल्टिमीटर लावला तर काही पिना आत जोडलेल्याच नव्हत्या. केबल घेताना प्रत्येक पिन तपासाच. बायोसमध्ये ईपीपी (पोर्टचा वेगवान मोड) बंद करून पाहिलं, तरी ओळ जशीच्या तशी.

शेवटी २.४ कर्नलमधली डिस्क हाताळणारी फाइल, एसडी डॉट सी, उघडली. तिथे उलगडा झाला. मॉड्यूल लोड होताना कर्नल ड्राइव्हला दोन वेगळे प्रश्न विचारतो. 'तू कोण?' याचं उत्तर ड्राइव्ह रिकामा असतानाही देतो. संदेशात दिसणारा 'रिमूव्हेबल' (डिस्क काढता येते) हा शब्द त्याच उत्तरातल्या एका बिटवरून येतो. 'केवढा?' याचं उत्तर मात्र आत डिस्क असेल तरच मिळतं. नाही मिळालं, की कर्नल १ जीबी धरून पुढे जातो. माझा ड्राइव्ह दर वेळी रिकामा होता!

डिस्क सरकवली, पिवळा दिवा विझू दिला आणि मगच आयएमएम लोड केलं. १९६६०८ सेक्टर, १०१ एमबी. गुणून बघा: १९६६०८ × ५१२ म्हणजे १०,०६,६३,२९६ बाइट. १०२४ च्या हिशोबाने तेच ९६ एमबी, म्हणून फाइल मॅनेजर ९६ दाखवतो. खालीच 'एसडीए४' आलं. झिपच्या तयार फॉरमॅट केलेल्या डिस्कवर पार्टिशन चौथं असतं, त्यामुळे एसडीए१ माउंट करायला (वापरासाठी जोडायला) जाऊ नका.

आता डिस्क असेल तरच मॉड्यूल लोड करणारी स्क्रिप्ट लिहिणार होतो. पण हे टाइप करता करता आठवलं, त्याच फाइलमध्ये रिकाम्या ड्राइव्हवर 'डिस्क बदलली' अशी खूणही करून ठेवलेली आहे. तसं असेल तर डिस्क घातल्यावर कर्नल 'केवढा?' हे पुन्हा विचारेल आणि स्क्रिप्टची गरजच नाही. आज रात्री रिकामा ड्राइव्ह ठेवून बूट करतो, मग डिस्क घालून थेट एसडीए४ माउंट करतो.