नाशिकमधली पहिली रात्र

रविवार, रात्री साडेदहा

आज बचत गटाची बैठक पाचला सुरू झाली आणि आठ वाजले तरी कुणी उठेना. झोपण्याआधी लिहून ठेवते.

पाथर्डी फाट्यावरचा आमचा गट वर्षभर दोन तुकड्यांत बसतोय. जुन्या सहा जणी खिडकीकडे, नंतर आलेल्या पाच दाराशी. हप्ते वेळेवर, हिशेब चोख, पण कर्जाचा विषय निघाला की आवाज चढतात. जिच्या घरचं काहीच माहीत नाही, तिच्या परतफेडीची हमी घ्यायला मन धजावत नाही. मला ते पटतं.

मागे एकदा मी विचारलं होतं, ‘आयुष्यातला सगळ्यात कठीण प्रसंग सांगा.’ एक जण सांगता सांगता कोसळली आणि पुन्हा आलीच नाही. चूक माझी होती. तिची जखम उघडी केली आणि वेळ संपली म्हणून आम्ही सगळ्या घरी गेलो. तेव्हापासून प्रश्न लहान ठेवते, नको वाटलं तर गप्प बसायची मुभा देते, आणि पहिली गोष्ट मी सांगते.

आज मेथीच्या आठ जुड्या मध्ये ठेवल्या. आपल्या आज्या जात्यावर समोरासमोर बसायच्या, दोघींचे हात एकाच खुंट्यावर. जे घरात कुणापाशी बोलता येत नव्हतं ते ओवीत यायचं. हात कामात असले की बोलणाऱ्याकडे टक लावून कुणी बघत नाही. मेथी निवडता निवडता विचारलं, ‘नाशिकमधली तुमची पहिली रात्र कुठे गेली?’

माझी गोष्ट मी आजवर गोड करून सांगत आले होते. श्रावणातला तिसरा रविवार, घरमालक ब्रह्मगिरीच्या फेरीला गेलेले, खोलीला कुलूप, शेजारच्या काकूंनी चहा दिला. आज उरलेलंही सांगितलं: जिन्यावर बसून नवऱ्याशी एक शब्द बोलले नाही, आणि पहाटेच्या धुळ्याच्या गाडीने माहेरी परत जायचं ठरवून बसले होते. एवढं बोलले आणि दाराशी बसलेल्या वाशिमच्या ताईंचे हात थांबले.

त्या म्हणाल्या, ‘मी तर पिठाची पिशवी उशाला घेऊन झोपले. खोलीत उंदीर होते, आणि गावाहून आणलेलं तेवढंच होतं.’ नवरा अंबडच्या कारखान्यात, पहिल्याच दिवशी रात्रपाळी. वर्षभरात त्या इतकं सलग बोललेल्या मी ऐकल्या नव्हत्या.

मग मावशींची पाळी आली. त्या गोदाकाठच्या, जन्मापासून नाशिकच्या. ‘माझी कसली पहिली रात्र,’ म्हणाल्या, आणि थोडा वेळ नुसती मेथी खुडत राहिल्या. मग १९६९चा महापूर निघाला. गोदावरीचं पाणी किती चढलं ते ज्याच्यावरून मोजतात तो दुतोंड्या मारुती दिसेनासा झालेला, वडिलांनी खांद्यावर उचललेलं, वरच्या आळीत कुणाच्यातरी वाड्यात रात्र. ‘परक्याच्या गोधडीचा वास अजून आठवतो. आपल्याच गावात आपलं घर नव्हतं.’

अमेरिकेत शेतमजुरांच्या चळवळीत सोळा वर्षं काम केलेले आणि पुढे हार्वर्डमध्ये शिकवणारे मार्शल गँझ माणसं जोडणाऱ्या गोष्टीचे तीन भाग सांगतात: माझी, आपली, आत्ताची. प्रशिक्षणात हे शिकले तेव्हा मला वाटायचं, ‘आपली’ गोष्ट गट चालवणारीने जुळवून द्यायची असते. आज मी काहीच जुळवलं नाही. पिठाची पिशवी आणि परकी गोधडी त्यांची त्यांनीच शेजारी ठेवली. मध्ये पडून ‘बघा, तुम्ही दोघी सारख्याच’ असं म्हटलं असतं तर सगळं विस्कटलं असतं. ओठावर आलं होतं, गिळलं.

बाकीच्यांपैकी दोघी जणी काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी नुसतं ऐकलं, तेही मला पुष्कळ आहे.

कर्जाचा विषय आज काढलाच नाही. पुढच्या बैठकीत काढावा लागेल, आणि वाद होईलही. पण वाशिमच्या ताईंच्या शिलाई मशीनच्या अर्जावर मावशी काय म्हणतात, याची मला मनापासून उत्सुकता आहे.

निवडलेली मेथी अकरा वाटे करून वाटली. चपला घालताना मावशींनी ताईंना विचारलं, ‘दुतोंड्या मारुती पाहिलाय का गं?’ ताई नाही म्हणाल्या.

‘बुधवारी बाजाराला जाते मी. चल माझ्याबरोबर. पाणी कुठपर्यंत आलं होतं ते दाखवते.’