स्प्लेंडरमधला 'टक्' कसा सापडला

गणपती झाले आणि गाडी वाजायला लागली. टक्... टक्... टक्. आवाज फार मोठा नाही, पण एकदा कानात बसला की जात नाही असा. गाडी 1999 ची स्प्लेंडर, टाकीवर अजून हिरो होंडाच लिहिलेलं आहे. हत्यारांची पिशवी लावून मी तिच्यावरून अलोरे, पोफळी, शिरगाव आणि कधीमधी कुंभार्ली घाट चढून कोयनानगरपर्यंत फिरतो. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो, त्यावर माझं पोट आहे. त्यामुळे बेअरिंग आणि बुश कसे वाजतात ते माझ्या रोजच्या ओळखीचं. हा आवाज त्यातला नव्हता.

चिपळूणला एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या माणसाने उभ्या गाडीचा एक्सलेटर दोनदा पिळला आणि म्हणाला, "इंजिन खोलावं लागेल. टायमिंग चेन, नाहीतर ब्लॉक-पिस्टन." टायमिंग चेन म्हणजे इंजिनाच्या आतली, चाकाची नव्हे. उभ्या गाडीत तर तो आवाज येतच नव्हता! मला याचा खरंच राग येतो. धूर नाही, ऑइल खात नाही, घाटात तिसऱ्या गिअरवर दम न टाकता चढते, आणि ते 97 सीसीचं इंजिन नुसत्या संशयावर उघडायचं? एकेक पार्ट बदलून बघायचा आणि पैसे गिऱ्हाइकाने भरायचे, ही पद्धत मी माझ्या धंद्यात कधी चालू दिली नाही. गाडी घरी आणली.

आवाज कुठून येतो, हे मी आधी शोधत बसत नाही. लोखंडी चासीतून आवाज कुठून कुठे जातो. मागे काही आपटलं तरी टाकीखाली वाजल्यासारखं वाटतं. हाच टक् मला कधी सीटखाली वाटायचा, कधी पायाशी इंजिनाजवळ. म्हणून आधी एवढंच बघायचं, की आवाज इंजिनाबरोबर वाढतो की चाकाबरोबर.

डबल स्टँडवर न्यूट्रलमध्ये गाडी चालू केली, हळूहळू एक्सलेटर वाढवला. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, टेकवून मूठ कानाच्या हाडाला लावली. मोटारीचं बेअरिंग मी असंच ऐकतो. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे भाग, थोडे वाजत होते, बाकी स्वच्छ. मग घराकडच्या सरळ उतारावर, रस्ता मोकळा बघून, इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडली. टक्... टक्... आलाच. इंजिन बंद असताना येतो म्हणजे पिस्टन, टॅपेट, टायमिंग चेन सगळे संशयातून सुटले. मागचा ब्रेक हलका दाबून पाहिला, पुढचाही. काही फरक नाही.

उरलं चाक आणि चेन. इथे ठेका कामाला आला. 18 इंची चाक एका फेऱ्यात दोन मीटरला थोडं कमी जातं, म्हणजे 20 च्या स्पीडला ते सेकंदाला तीनदा फिरतं. चाकाचं बेअरिंग असो, ड्रम असो, रिमला काही घासत असो, आवाज तरी त्याच गतीने यायला हवा. पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन बसते ते दातांचं चक्र, छोटं, ते तर चाकाहून जोरात फिरतं. आणि माझा टक् सेकंदाला एकदा, फार तर सव्वा वेळा. चाकापेक्षा सावकाश फिरणारी वस्तू मागच्या बाजूला एकच आहे, चेन. चेनच्या कड्या मागच्या स्प्रॉकेटच्या दातांच्या दुपटीहून जास्त असतात, त्यामुळे चेनचा एक फेरा व्हायला चाकाला दोनपेक्षा जास्त फेरे लागतात.

खात्री करायला टायरवर खडूची रेघ मारली, पुतण्याला बोलावलं आणि न्यूट्रलमध्ये गाडी ढकलत अंगणात फेऱ्या घातल्या. रेघ खाली येईल तेव्हा त्याने ओरडायचं. "एक! दोन! ... काका, वाजलं!" पुन्हा तेच, दोन झाल्यावर तिसरा अर्ध्यावर असताना.

मग चेन कव्हर खोललं. खालच्या कव्हरला आतून ग्रीस, माती आणि पावसाचा चिखल यांचा काळा थर होता, आणि त्या थरात एका ठिकाणी बोटभर लांबीचा चकचकीत ओरखडा. पत्रा तिथे नव्यासारखा पांढरा झाला होता. चाक हाताने उलटं सावकाश फिरवलं, तर खालच्या बाजूला एक कडी स्प्रॉकेटवरून उतरल्यावर सरळच होईना. गुडघा दुमडल्यासारखी तशीच वाकलेली पुढे सरकत होती. पिनेच्या कडेने तांबूस भुकटी. गंज आत शिरून कडी आखडली होती. गाडी चालताना ती उडी मारायची आणि कव्हरला आपटायची, आणि पत्रा तो आवाज मोठा करून चासीला द्यायचा.

आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. बंद चेन कव्हर चिखल अडवतं, हे त्याचं मोठं काम आहे. पण आत काय चाललंय ते दिसत नाही. कव्हरला रबरी बूच असतं, ते काढून बोटाने चेनचा ढिलेपणा बघता येतो. मात्र तो एकाच जागी बघून भागत नाही. चाक फिरवत चार जागी बघावा. एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी लोंबकळती लागली तर ॲडजस्ट करून उपयोग नाही.

डिझेल सोडून ती कडी डावी-उजवीकडे वाकवून मोकळी केली, आवाज थांबलाही. पण चेन ताणली गेली होती आणि मागच्या स्प्रॉकेटचे दात टोकदार झाले होते, म्हणून पूर्ण सेटच बदलला, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट. झिजलेल्या दातांवर नवी चेन चढवली तर ती लवकर खराब होते, तिथे पैसे वाचवू नयेत. चेन जोडणाऱ्या कडीचं लॉक बसवताना त्याची बंद बाजू चेन जाते त्या दिशेला हवी. दोन्हीकडच्या खुणा जुळवून चाक सरळ केलं, साधारण अडीच सेंटिमीटर ढिलाई ठेवली.

आता घाटात फक्त टॅपेट ऐकू येतात. ते थंड इंजिनवर बघायचे असतात, त्यामुळे उद्या सकाळी किक मारायच्या आधी फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, घेऊन बसणार आहे.