तुम्ही विचारलंत म्हणून: स्तुती मनातल्या मनात का नाही?

आमच्या चर्चमधली उपासना संपली की दाराशी कुणीतरी हमखास विचारतं. कधी पहिल्यांदाच आलेले पाहुणे, कधी लग्नाला किंवा अंत्यविधीला आलेली इतर धर्मांतली स्नेही मंडळी, कधी आमच्यातलीच विशीतली मुलं. शब्द वेगळे असतात, प्रश्न एकच. "देवाला मनातलं सगळं कळतं असं तुम्हीच सांगता. मग स्तुती गाऊन कशाला करायची? मनातल्या मनात केली तर पोचत नाही का?" मंडळीत गाणं मी धरते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. उभ्या उभ्या मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते आणि घरी गेल्यावर चुटपुट लागून राहते की उत्तर अर्धंच दिलं. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट बसून लिहिते.

पोचते. हे आधी सांगून टाकते. हन्नाची गोष्ट पवित्र शास्त्रात आहेच. तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता, आणि एली याजकाला वाटलं की बाई प्यायली आहे. देवानं मात्र तिचं ऐकलं. आणि देवाला आपल्या गाण्याची गरज आहे असंही नाही. पन्नासाव्या स्तोत्रात तो स्पष्टच म्हणतो, मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, कारण सगळं जग माझंच आहे. आपण गायलो नाही म्हणून त्याचं काही अडत नाही. अडतं ते आपलं, आणि किती अडतं हे मला आईच्या आजारपणात कळलं.

आईला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा ती एकाहत्तर वर्षांची होती. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजत सगळं होतं, ते तिच्या डोळ्यांत दिसायचं, पण शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच अडायचा. तहान लागली की ती ओठ मिटून "प... प..." करायची आणि मग डावा हात चादरीवर आपटायची. पाणी हा एवढासा शब्द तिला महिनाभर म्हणता आला नाही.

एका संध्याकाळी मी तिच्या उशाशी बसून तेविसावं स्तोत्र गुणगुणत होते. तिला ऐकवावं असंही मनात नव्हतं, माझ्याच जिवाला आधार म्हणून चाललं होतं. दुसऱ्या ओळीला खोलीत दुसरा आवाज आला. घोगरा, पण सुरात. "तो मला संथ पाण्यावर नेतो." पाण्यावर! अख्खा शब्द, कुठेही न अडखळता. मी चकित होऊन थांबले, तशी तीही थांबली. पुढचा शब्द तिला एकटीला निघेना. मी पुन्हा पहिल्यापासून धरलं, ती पुन्हा आली. स्तोत्र संपेपर्यंत आम्ही दोघी गात होतो आणि तिच्या डाव्या हाताचं बोट पलंगाच्या कडेवर ठेका धरत होतं. गाणं संपल्यावर मी ग्लास पुढे करून विचारलं, "आई, हे काय आहे?" तिनं पाहिलं, ओठ मिटले, "प... प..." आणि डोळ्यांत पाणी आलं.

वाचेचे उपचार करायला यायच्या त्या बाईंना याचं नवल वाटलं नाही. बहुतेक माणसांत बोलण्याचा मोठा भार मेंदूच्या डाव्या बाजूवर असतो आणि चालीला उजव्या बाजूचीही मदत मिळते, म्हणून बोलता न येणारी माणसं कधी कधी गाऊ शकतात, असं त्यांनी समजावलं. १९७०च्या दशकात याच आधारावर बोलणं परत आणायची एक उपचारपद्धतही तयार झाली आहे. त्यांचं म्हणणं मला पटलं, आजही पटतं.

मग ती स्तुती होती की नुसतं पाठांतर? हा प्रश्न मलाच कुरतडायचा. पण ते पाठ झालं कसं, याचा विचार केला तेव्हा तो सुटला. लहानपणी आजीच्या मांडीवर, मग लग्नात, मग बाळंतपणानंतर, मग बाबांच्या शवपेटीशेजारी उभं राहून, साठ-पासष्ट वर्षं तिनं ते स्तोत्र घशातून, छातीतून, चारचौघांबरोबर श्वास घेऊन काढलं होतं. मनातल्या मनात म्हटलेलं सगळं त्या झटक्यात आत कोंडलं गेलं. गाऊन म्हटलेलं तेवढं बाहेर येऊ शकलं, आणि तेही दुसरं कुणी बरोबर गात असेल तरच.

हे "दुसरं कुणी बरोबर" मला आता शास्त्रात जागोजागी दिसतं. इफिस शहरातल्या मंडळीला लिहिताना प्रेषित पौल स्तोत्रं आणि गीतं प्रभूला गा असं तर सांगतोच, पण ती एकमेकांना म्हणा असंही सांगतो. ते "एकमेकांना" मी किती वर्षं नुसतं वाचून सोडून दिलं होतं. इ.स. ११२च्या सुमारास प्लिनी या रोमी सुभेदारानं सम्राट त्रायानला पत्र लिहिलं. पकडलेल्या ख्रिस्ती लोकांकडून त्याला काय कळलं? ठरलेल्या दिवशी हे लोक उजाडण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचं स्तोत्र आळीपाळीनं म्हणतात. आमच्या उपासनेचं परक्यानं केलेलं हे अगदी जुनं वर्णन, आणि त्यातही गाणं एकमेकांत वाटून घेतलेलं आहे.

फिलिप्पैच्या तुरुंगातली रात्र तर तुम्हाला माहीत असेल. पौल आणि त्याचा सोबती सीला फटके खाऊन पडलेले, पाय खोड्यात अडकवलेले, आणि मध्यरात्री ते देवाची स्तोत्रं गातात. पुढे भूकंप होतो, दारं उघडतात, आणि त्या घाईत लूकनं लिहिलेलं एक छोटं वाक्य आपल्या हातून निसटतं. बाकीचे बंदिवान ऐकत होते. त्यांच्यात कोण होतं, कशासाठी आत होतं, काही लिहिलेलं नाही. मनातल्या मनात स्तुती केली असती तर देवाला ती पोचली असती. शेजारच्या कोठडीत पोचली नसती.

आणि प्रभू येशू स्वतः गायला. पकडला जाण्याच्या रात्री, भोजन झाल्यावर, शिष्यांबरोबर स्तोत्र गाऊन तो जैतुनांच्या डोंगराकडे निघाला, असं मत्तय आणि मार्क दोघंही सांगतात. वल्हांडणाच्या जेवणात ११३ ते ११८ ही स्तोत्रं म्हणायची यहुदी रीत आहे, तेव्हा बहुधा त्यांतलंच ते असावं. ११८वं काढून वाचा. बांधणाऱ्यांनी नाकारलेला दगड त्यात आहे. परमेश्वरानं नेमलेला दिवस तो हाच, यात आपण आनंद करू, हेही त्यात आहे. पुढे काय वाढून ठेवलंय हे ठाऊक असताना हे शब्द त्याच्या तोंडून कसे निघाले असतील, यावर मी कितीदा विचार केला आहे. गाणाऱ्यांत त्याचा शिष्य पेत्रही होता, जो पहाटेपर्यंत त्याला नाकारणार होता.

आता दुसरी बाजू, कारण गाण्याचा धोका मी जवळून पाहिला आहे. चाल इतकी गोड असते की शब्द कुणाविषयी आहेत हेच विसरायला होतं. चौथ्या-पाचव्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टिन, त्यालाही हीच धास्ती होती. मिलानमध्ये ३८६ साली राजमातेच्या सैन्याचा वेढा असताना बिशप अँब्रोजबरोबर लोक देवळात रात्रंदिवस बसून होते, आणि त्यांनी खचून जाऊ नये म्हणून तिथे सगळ्यांनी मिळून गायची पद्धत सुरू झाली. ती गीतं ऐकून आपण किती रडलो हे ऑगस्टिननंच आपल्या आत्मकथनात लिहून ठेवलं आहे. आणि त्याच पुस्तकात पुढे कबूल केलं आहे की गायलेल्या शब्दांपेक्षा गाण्यानंच मन जास्त हललं, तर ते माझं पाप आहे. झुरिकचा धर्मसुधारक झ्विंग्ली, त्यानं तर सोळाव्या शतकात उपासनेतलं गाणंच बंद केलं. तो स्वतः अनेक वाद्यं वाजवणारा जाणकार होता, गाण्याची ताकद ओळखूनच त्यानं ते केलं असावं असं मला वाटतं. तिथे ते परत यायला १५९८ साल उजाडलं. मला त्याचा निर्णय पटत नाही, पण त्याची भीती पटते. आमोस संदेष्ट्याच्या तोंडून देव म्हणतोच ना, तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापुढून दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. ज्यानं आठवडाभर कुणाची मजुरी अडवून ठेवली आहे, त्याच्या रविवारच्या गाण्याचं काय करायचं, हे देवानं तिथे सांगून ठेवलं आहे. सरावाच्या वेळी मी हा उतारा वर्षातून एकदा तरी वाचून दाखवते.

"पण मला सूरच नाही" असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. शंभराव्या स्तोत्राच्या सुरुवातीला जयघोषासाठी जो मूळ हिब्रू शब्द आहे, तो रणात केलेल्या आरोळीसाठीही वापरतात. तिथे सूर कोण तपासणार? मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीनं १७६१ साली मंडळीनं कसं गावं याच्या सूचना छापल्या. सगळ्यांनी गा, हे त्यात येतंच, आणि गाणं तुम्हाला वधस्तंभासारखं जड वाटत असेल तर तो उचला, तो आशीर्वाद ठरेल, असं त्यानं लिहिलं. त्याच सूचनांत दुसऱ्यांचा आवाज दाबेल असं ओरडू नका, असंही आहे. माझ्या अनुभवात हे दुसरं सांगायची पाळी चांगल्या गळ्याच्या लोकांवरच जास्त येते.

खरं उत्तर मात्र मला आई गेल्यानंतर मिळालं.

अकरा रविवार मी गाऊ शकले नाही. गाणं धरायचं काम दुसऱ्यांकडे दिलं आणि मागे जाऊन उभी राहिले. तोंड उघडलं की घसा आवळायचा. स्तुतीचे शब्द खोटे वाटत नव्हते, पण माझे वाटत नव्हते. माझ्या शेजारी एक वयस्कर बाई उभ्या राहायच्या. त्यांचा सूर आयुष्यात कधी लागला नाही, सगळ्या मंडळीला ते माहीत आहे. पहिल्याच रविवारी त्यांनी आपलं गीतपुस्तक माझ्या बाजूला तिरकं केलं आणि गाता गाता प्रत्येक ओळीखालून अंगठा सरकवत राहिल्या. अंगठ्याच्या नखाला भेग होती, ती मला अजून दिसते. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही, "गा ना" असं एकदाही म्हटलं नाही. अंगठा सरकत राहिला, मी नजरेनं त्याच्यामागे जात राहिले. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्या सगळ्या दिवसांत स्तुती माझ्या आत नव्हती, माझ्या उजव्या कानाशी होती, बेसूर आणि मोठ्यानं. त्यांनी ती मनातल्या मनात केली असती तर मी कशाच्या आधारानं उभी राहिले असते?

आईच्या खोलीत मी गात असेन तोवरच तिला शब्द फुटायचे. आता माझी पाळी होती.

बाराव्या रविवारी तेरावं स्तोत्र होतं. "हे परमेश्वरा, किती वेळ?" असा टाहो त्यात चार वेळा येतो. दीडशे स्तोत्रांच्या या पुस्तकाचं हिब्रू नाव स्तुती असंच आहे, आणि तरी त्यात विलाप गच्च भरला आहे. ८८वं तर अंधारातच संपतं. त्या दिवशी मला "किती वेळ" एवढंच गाता आलं. ते माझं होतं, म्हणून निघालं. शेवटी मी परमेश्वराला गीत गाईन अशी जी ओळ येते, ती मी नाही म्हटली. ती शेजारून आली. तेव्हापासून निवडीत नुसती आनंदाची गाणी घालणं मी सोडून दिलं. बसलेल्यांत कोण कुठल्या ओळीवर अडलेलं आहे, हे पुढे उभं राहून दिसत नाही.

आता मी पुन्हा गाणं धरते. गेल्या महिन्यापासून डावीकडच्या तिसऱ्या रांगेत एक तरुण मुलगा पुस्तक मिटून उभा असतो. काय झालंय ते मला माहीत आहे, इथे लिहिण्यासारखं नाही. मी त्याच्याकडे पाहत नाही. फक्त दुसऱ्या गाण्याला पट्टी नेहमीपेक्षा थोडी खाली धरते, दोन कडव्यांच्या मध्ये श्वासाला जास्त जागा ठेवते, आणि पहिली ओळ मंडळीकडून दोनदा म्हणून घेते.