तुम्ही विचारलंत म्हणून: डिफरेन्शियलवर गेलेला ट्रान्सफॉर्मर लगेच चार्ज का करायचा नाही?

"मॅडम, ट्रान्सफॉर्मर डिफरेन्शियलवर गेलाय. बाहेरून सगळं ठीक दिसतंय, तेल कुठे गळत नाही, बुखोल्झही आलेला नाही. एकदा चार्ज करून बघू का?"

'डिफरेन्शियलवर गेला' म्हणजे डिफरेन्शियल नावाच्या संरक्षक रिलेने ट्रान्सफॉर्मर बंद पाडला, 'चार्ज करणं' म्हणजे त्याला पुन्हा व्होल्टेज देणं, आणि बुखोल्झ म्हणजे आतल्या बिघाडाने तेलात गॅस झाला की चालणारा रिले. टेस्टिंगच्या कामात हा प्रश्न मला सतत विचारला जातो. उन्हाळ्यात तर जास्तच, कारण शेजारचा ट्रान्सफॉर्मर ओव्हरलोड होत असतो आणि फोन थांबत नसतात. माझं उत्तर कायम एकच असतं: नाही. का, ते सांगते.

ओव्हरकरंट रिले फक्त करंट किती वाढला ते बघतो. फॉल्ट ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे की लांब कुठे तुटून पडलेल्या तारेत, हे त्याला कळत नाही. डिफरेन्शियल मात्र एचव्ही (जास्त व्होल्टेजची) आणि एलव्ही (कमी व्होल्टेजची) अशा दोन्ही बाजूंच्या सीटींकडून, म्हणजे करंट ठरलेल्या प्रमाणात कमी करून देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरांकडून, करंट घेतो आणि एकच गोष्ट तपासतो: आत जेवढा गेला तेवढा बाहेर आला का? नसेल आला, तर तो या सीटींच्या मधेच कुठेतरी वाट काढतोय. १९०४ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स मर्झ आणि बर्नार्ड प्राइस यांनी या तत्त्वाचं पेटंट घेतलं. पॉलिटेक्निकला 'मर्झ-प्राइस' म्हणून शिकलो ते हेच. म्हणजे हा रिले चालला की फॉल्टची हद्द ठरते. टाकी, बुशिंग (टाकीतून तार बाहेर आणणारा इन्सुलेटर), जंपर (जोडतार), सगळं त्या हद्दीत आलं.

'तेवढा' हे अर्थात हिशेबाने. ५० एमव्हीएचा १३२/३३ केव्ही ट्रान्सफॉर्मर घ्या. पूर्ण लोडला एचव्हीला साधारण २१९ अँपिअर, एलव्हीला ८७५. सीटी ३००/१ आणि १०००/१ असतील, तर रिलेपर्यंत ०.७३ आणि ०.८७ अँपिअर पोचतात. हा फरक सीटीच्या रेशोमुळे पडलेला आहे. पूर्वी तो मधे आणखी एक, इंटरपोझिंग सीटी लावून जुळवत, आता न्यूमेरिकल रिले आकडेमोड करून जुळवतो. डेल्टा-स्टार जोडणीमुळे दोन बाजूंच्या करंटमध्ये पडणारा ३० अंशांचा कोनही तोच सांभाळतो. शिवाय व्होल्टेज जुळवायला टॅप (वाइंडिंगचे वापरातले वेढे) बदलला की रेशो हलतो, आणि मोठ्या करंटला सीटीची चूक वाढते. म्हणून रिलेला बायस दिलेला असतो: वाहणारा करंट वाढला की ट्रिपसाठी लागणारा फरकही वाढतो.

खरी परीक्षा चार्जिंगच्या वेळी असते. कोअरमध्ये, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्यात, मागच्या वेळचं चुंबकत्व उरलेलं असतं. व्होल्टेज शून्यातून जात असतानाच ब्रेकर क्लोज झाला, तर फ्लक्स नेहमीच्या दुपटीच्याही वर जायला बघतो, कोअर सॅच्युरेट होतो (त्याची चुंबकत्व पेलायची मर्यादा संपते) आणि ट्रान्सफॉर्मर रेटेड करंटच्या आठ-दहा पटींपर्यंत करंट ओढू शकतो. चार्ज करताना तो जड, घुमणारा आवाज येतो आणि हळूहळू बसतो, तो याचाच. हा सगळा करंट एकाच बाजूने येतो, दुसरीकडून काहीच बाहेर पडत नाही. रिलेच्या हिशेबात हा पक्का फॉल्ट! पण रिलेने नोंदवलेलं करंटचं रेकॉर्ड उघडून बघा. लाटेचे उंचवटे एकाच बाजूला उभे असतात आणि दोन उंचवट्यांच्या मधे रेघ सपाट असते. अशा लाटेत १०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंड हार्मोनिकचा, वाटा मोठा असतो. आतल्या फॉल्टच्या करंटमध्ये तो सहसा कमी असतो. हा वाटा साधारण १५ टक्क्यांच्या वर दिसला की रिले ट्रिप रोखून धरतो. शंभरहून अधिक वर्षांच्या या प्रोटेक्शनमधली ही युक्ती मला अजूनही सगळ्यात सुंदर वाटते.

आता "फीडरवर फॉल्ट होता, त्यामुळे रिले चुकून चालला" या वाक्याबद्दल. मला सगळ्यात जास्त भीती याच वाक्याची वाटते. सीटी सॅच्युरेट होऊन किंवा मार्शलिंग बॉक्समधलं (वायरी एकत्र येतात त्या पेटीतलं) टर्मिनल ढिलं राहून रिले खोटा चालतो, हे खरं आहे. पण फीडरचा मोठा फॉल्ट करंट ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधूनच जातो, आणि त्या झटक्याने वाइंडिंग सरकू शकतं, इन्सुलेशन तुटू शकतं. म्हणजे फीडरवर फॉल्ट होता हेच आत इजा झाल्याचं कारणही असू शकतं. बुखोल्झ आला नाही यावरही विसंबू नका. बुशिंगवर फ्लॅशओव्हर झाला तर टाकीत गॅस होणारच कुठून? ब्रेकर उघडायला लावणारा मास्टर ट्रिप रिले हाताने रिसेट करावा लागतो, तो मुद्दामच तसा ठेवलाय: माणसाने थांबून विचार करावा म्हणून. आत टर्न शॉर्ट (वाइंडिंगचे वेढे एकमेकांना चिकटलेले) असताना पुन्हा चार्ज केलं, तर दुरुस्त होण्याजोगं वाइंडिंग कोअरसकट जातं. कधी टाकी फुटून आग लागते, आणि यार्डात आपलीच माणसं उभी असतात.

तेव्हा आधी फ्लॅग (कोणता रिले चालला ते दाखवणाऱ्या खुणा) लिहून घ्या आणि रेकॉर्ड डाउनलोड करा, मगच कशालाही हात लावा. बुशिंग, एलए (लाइटनिंग अरेस्टर), जंपर नीट बघा. जळकी खूण किंवा खाली पडलेला पक्षी बरंच सांगून जातो. मग मेगर (इन्सुलेशनची तपासणी), रेशो आणि कमी व्होल्टेजवर मॅग्नेटायझिंग करंट. वाइंडिंग रेझिस्टन्स त्यानंतर, कारण त्यातल्या डीसीमुळे कोअरमध्ये चुंबकत्व राहतं आणि मॅग्नेटायझिंगचे आकडे फसवे येतात. ते चुंबकत्व शेवटी काढून टाका, नाहीतर पुढच्या चार्जिंगला इनरश, म्हणजे चार्ज करतानाचा तो मोठा करंट, वाढलेला मिळेल. तेलाचा नमुना डीजीएला, म्हणजे तेलात विरघळलेल्या गॅसच्या तपासणीला, पाठवा. त्यात अ‍ॅसिटिलीन अचानक वाढलेलं दिसलं तर आत ठिणगी पडली असं धरूनच चाला. सगळं चांगलं आलं, तर सीटीची वायरिंग टोकापासून टोकापर्यंत तपासा, कारण रिले का चालला याचं उत्तर अजून मिळालेलं नसतं.

ते उत्तर आणि टेस्टचे आकडे हातात आले की चार्जिंगला मी स्वतः हो म्हणते, तेही एलव्ही ब्रेकर उघडा ठेवून आणि यार्डात कोणी नाही याची खात्री करून.