तैवानच्या तायचुंगमधली बुधवारची शिकवणी

ऑफिसातल्या एका तैवानी ताईला सोबत म्हणून आज मॉर्मन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाच्या मिशनऱ्यांच्या फुकट इंग्रजी वर्गाला गेले. शिकवणारे दोघं अमेरिकन, मिसरूड जेमतेम फुटलेलं. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावपट्टी, घामाने चिकटलेले केस, कारण सगळीकडे सायकलवरून फिरायचं. एका आजोबांचं 'थँक यू' काही केल्या 'सँक यू'च येत होतं. तर पठ्ठ्याने स्वतःची जीभ दातांत धरून दाखवली, अख्खा वर्ग जीभ काढून बसला!

नंतर गप्पा झाल्या. साडेसहाला उठायचं, प्रचाराची दोन वर्षं सोबतच्या जोडीदार मिशनऱ्याला सोडून कुठे जायचं नाही, खर्च बहुतेक घरचाच. आईला फोन आठवड्यातून एकदा. २०१९ च्या आधी तर वर्षातून दोनदाच! बबल टीचं माहेर म्हणवणाऱ्या गावात यांना चहा वर्ज्य, म्हणून पपईचं दूध पाजलं. कसले ढोसले दोघांनी!

धर्माचा विषय निघाला तेव्हा मी सरळ सांगितलं, मला नको. दारोदार फिरून लोकांना आपला धर्म पटवणं मला पटतच नाही. पोरांनी तोंड वाकडं केलं नाही, उलट मराठीत एक ते दहा शिकून घेतले. 'पाच'वर गाडी जरा अडकली.