सान्यातून आलेले ऊन

धाराशिव जिल्ह्यातले आमचे आजोळचे घर माळवदाचे होते. लिंबाच्या तुळया, त्यांवर आडव्या किलच्या, किलच्यांवर पाला आणि पाल्यावर चोपून बसवलेली माती, असे ते छत. त्याच्या मधोमध एक चौकोनी भोक असे, त्याला साने म्हणत. खिडक्या जवळजवळ नव्हत्याच, त्यामुळे घरात येणारा उजेड मुख्यतः या सान्यातून उतरायचा. त्याचा कवडसा सकाळी पश्चिमेच्या भिंतीवर असे आणि भर दुपारी जमिनीवर. डिसेंबरातल्या दुपारी मात्र तो सान्याच्या खाली न पडता उत्तरेकडे, कणगीपाशी जाऊन बसे. त्याचे गणित पुढे कळले. धाराशिवच्या अक्षांशावर दक्षिणायनाच्या अखेरीस माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे 48 अंशच वर असतो, म्हणून दहा फूट उंच छतातून आलेले ऊन जवळपास नऊ फूट उत्तरेला पडते. मेच्या मध्याच्या सुमारास तोच सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि कवडसा सान्याच्या बरोबर खाली, जात्याच्या खुंट्यावर पडतो. आजी घड्याळाकडे कधी पाहत नसे.

पण साने केवळ उजेडासाठी नव्हते. चुलीचा धूर आधी घरभर रेंगाळे आणि मग सान्याच्या दिशेने वळून सरळ वर निघून जाई. त्या धुराकडे पाहिले की घरातली हवा कोणत्या वाटेने फिरते, हे डोळ्यांना दिसे. तापलेली हवा वरून बाहेर पडली की तिची जागा घ्यायला मागच्या दारातून, बोळातल्या सावलीची हवा आत ओढली जाई. भिंती तर दीड-दोन हात रुंद. बाहेरचे ऊन त्यांतून आत पोहोचेपर्यंत रात्र व्हायची आणि तोवर त्याचा जोरही ओसरलेला असायचा. थंडीत खालून येणारे तिरपे ऊन दक्षिणेच्या भिंतीला दिवसभर शेकून काढी, म्हणून आम्हा मुलांची अंथरुणे त्याच भिंतीला लागून पडत. उन्हाळ्यात मात्र माळवदाने दिवसभर साठवलेली धग रात्री घरात उतरे आणि सगळे घर वर माळवदावर झोपायला जाई. त्या घरात काळोख होता, विंचू होते आणि मृगाआधी पांढऱ्या मातीचा नवा थर दिला नाही तर गळतीही होती, हे सांगितले नाही तर आठवण खोटी ठरेल.

यंत्राशिवाय घर गार किंवा उबदार ठेवण्याच्या या शास्त्राला मराठीत 'निष्क्रिय सौर रचना' म्हणतात. फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वतातल्या ओदेयो येथे फेलिक्स त्रोंब यांनी 1967 मध्ये काचेमागे काळी जाड भिंत उभारून घर उबदार ठेवले. ती भिंत आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. नाव 'निष्क्रिय' असले तरी आजीला त्या घरात क्षणभर बसलेली मी पाहिली नाही. उन्हे तापण्याआधी मागचे दार लोटायचे, दुपारी सान्यावर पत्रा अर्धा ओढायचा, तिन्हीसांजेला अंगणात सडा टाकून दोन्ही दारे उघडायची, आभाळ भरून आले की पोराला वर पिटाळून साने झाकायचे. घर निष्क्रिय होते, कारण बाकीचे सगळे आजी करत होती.

आता मी पुण्यात चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. पाच इंची स्लॅब दुपारचे ऊन फार वेळ अडवून धरू शकत नाही. संध्याकाळ झाली की ते नेमके खाली उतरत असते. टेकडी दिसावी म्हणून बिल्डरने दिवाणखान्याची मोठी काच पश्चिमेला ठेवली. दक्षिणेचे उंच ऊन दीड फुटाच्या छज्जाने अडते, पण मावळतीचे आडवे ऊन कोणत्याही छज्जाखालून आत शिरते. आतला पडदा ओढून उपयोग होत नाही, कारण तोवर ऊन काचेच्या आत आलेलेच असते. म्हणून यंदा काचेच्या बाहेरून वाळ्याचा पडदा लावला. खोलीत फरक पडला, वासही छान येतो.

इमारतीचा दर्शनी भाग विद्रूप होत असल्याचे सोसायटीचे पत्र परवा आले. त्याला उत्तर अजून दिलेले नाही. दुपारचे दोन वाजले की पडदा मात्र सोडतो आणि त्यावर तांब्याभर पाणी मारतो.