पहिला बाँड

अमेरिकेत अटलांटा शहरात एका ड्रायवॉल (जिप्समच्या पत्र्यांच्या भिंती) कंत्राटदाराकडे मी हिशेब बघते. मालक कृष्णवर्णीय, हाताखाली चौदा माणसं. त्यांचे वडील प्लास्टरचं काम करायचे. मेनार्ड जॅक्सन अटलांटाचे महापौर झाले आणि विमानतळाच्या कामात कृष्णवर्णीयांच्या कंपन्यांना वाटा मिळालाच पाहिजे, असा त्यांनी आग्रह धरला. 1980 साली उघडलेल्या त्या टर्मिनलमध्ये वडिलांनी काम केलं होतं. मुलगा मात्र वीस वर्षं उपकंत्राटंच करत राहिला. 2019 मध्ये त्यांनी ठरवलं, शाळेच्या वर्गखोल्यांचं 4 लाख 80 हजार डॉलरचं काम थेट आपल्या नावावर घ्यायचं.

आमच्या जॉर्जिया राज्यात 1 लाख डॉलरवरच्या सरकारी बांधकामाला बाँड, म्हणजे काम पुरं होण्याची हमी, लागतो. मी त्याला विमाच समजत होते. पण काम बुडालं तर बाँड देणारी कंपनी आधी पैसे भरते आणि मग कंत्राटदाराकडून पै न पै वसूल करते. म्हणून ती आधी त्याची ऐपत तपासते.

पहिल्याच कंपनीने नकार दिला. खेळत्या भांडवलाच्या साधारण दहापट काम, असा त्यांचा ढोबळ हिशेब. आमच्याकडे 31 हजार. शिवाय कुठल्या कामात किती नफा झाला हे दाखवताच येईना, कारण सगळा खर्च मी एकत्र लिहीत आले होते. मग तीन आठवडे पावत्या जमिनीवर मांडून बसले. प्रत्येक कामाचा करार किती, खर्च किती झाला, अजून किती लागेल, बिल किती केलं, असा चालू कामांचा तक्ता बनवला. त्यात दिसलं की आमचं भांडवल इतरांकडेच अडकलंय. मुख्य कंत्राटदार काम संपेपर्यंत आमच्या प्रत्येक बिलातले दहा टक्के राखून ठेवत. चार कामं संपून महिने झाले तरी ते सुटले नव्हते, आणि 90 दिवसांहून जुनी येणी बाँडवाले सहसा धरत नाहीत. रोज फोन करून 22 हजार सोडवले.

दुसऱ्यांदा आम्ही केंद्र सरकारच्या लघुउद्योग प्रशासनाच्या हमी योजनेतून गेलो. वंचित समाजातल्या मालकाच्या कंपनीचं काम फसलं, तर बाँडवाल्यांच्या नुकसानातला 90 टक्के भार सरकार उचलतं.

शेवटचा कागद वैयक्तिक हमीचा. पतीपत्नी दोघांच्या सह्या लागतात. बाईंनी विचारलं, "यात घर येतं?" मी हो म्हटलं. त्या बराच वेळ कागद धरून बसल्या. 1930 च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगवल्या गेल्या, तिथे कर्ज देणं धोक्याचं ठरलं. अशा वस्तीतल्या घरात पिढीजात पैसा साठणार कुठून? त्या दोघांकडे होतं ते एवढं एकच घर. कसब कमी होतं म्हणून ही माणसं मागे राहिली, असं कुणी म्हटलं की मला तो कागद आठवतो.

बाईंनी सही केली. नऊ दिवसांनी बाँड आला, उन्हाळ्याच्या सुटीत वर्ग उभे राहिले. नोव्हेंबरमध्ये शाळेकडचे राखीव पैसे सुटले. मालकांनी त्यातला एक डॉलरही घरी नेला नाही. "खात्यातच राहू दे," म्हणाले, "पुढचा बाँड मोठा लागेल."